मुलगा अमेरिकन फुटबॉलमध्ये ऑफेन्सिव्ह लाइनवर आहे. ऑगस्टच्या कॅम्पमध्ये कोच नक्की काय बघतात?

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोप उडाली. दहावीतला मुलगा, ऑफेन्सिव्ह लाइनवर, म्हणजे बॉल आपल्याकडे असताना समोरच्यांना अडवणाऱ्या रांगेत, वजन १८० पाउंड, डॅलसजवळची शाळा, कॅम्पच्या, म्हणजे सीझनआधीच्या सरावाच्या, पहिल्या आठवड्यात वन-ऑन-वनमध्ये, म्हणजे एकास एक झुंजीत, लागोपाठ हरला आणि कोचने त्याच्या तोंडावर सांगितलं की तुझ्यात टफनेस नाही. आता तुम्ही विचारताय की प्रीसीझनमध्ये मुलांना जोखतात कसं आणि तो व्हर्सिटीत, म्हणजे शाळेच्या मुख्य संघात, येईल का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. पहिल्याचं आहे, कारण आमच्या मुलालाही ऑगस्टमध्येच 'सॉफ्ट' म्हटलं होतं.

गोष्ट २०१७ ची, ओहायोतली. मुलगा अकरावीत होता, गार्ड, म्हणजे त्या रांगेत मधल्या सेंटरच्या शेजारी, खेळायचा. मे महिन्यात हेड कोचने त्याला ऑफिसात बोलावून सांगितलं, तीस पाउंड वाढव, जागा तुझीच. तेव्हा तो १८६ पाउंड होता. मी सांगली जिल्ह्यातला. घरात वडील, चुलते सगळे तालमीत वाढलेले, त्यामुळे खुराक म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको होतं. सकाळी सहा अंडी, दूध, केळी, पीनट बटर, दुपारी चिकन, रात्री तुपाच्या पोळ्या. ही म्हणत होती की अहो, पोराला जिना चढताना धाप लागतेय. मी म्हटलं, खेळाडूचं शरीर आहे, बसेल अंगात. ऑगस्ट उजाडला तेव्हा काटा २२१ वर होता आणि मला फार अभिमान वाटत होता.

पहिले काही दिवस फक्त हेल्मेट, मग शोल्डर पॅड, मग पूर्ण पॅड. पूर्ण पॅडचा पहिला दिवस असला की आईबाप कुंपणाशी येऊन उभे राहतात, तसा मीही उभा होतो. वन-ऑन-वन सुरू झालं. समोर आला तो डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे समोरच्या बचावाच्या रांगेतला कडेचा पोरगा, आमच्यापेक्षा पंचवीस पाउंडांनी हलका, पण चपळ. पहिल्या वेळी त्याने आमच्याचा हात वरून झटकला आणि बाजूने निघून गेला. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी त्याने छातीत ढकललं आणि आमचा पोरगा सरळ पाठीवर पडला. टर्फच्या कृत्रिम गवतातले काळे रबराचे दाणे उडून त्याच्या हेल्मेटच्या जाळीत अडकले होते आणि तो ते बोटाने काढत बसला होता, उठतच नव्हता. हेड कोच सगळ्यांसमोर ओरडला, शरीर मोठं झालं पण आतून सॉफ्ट आहे. त्या तीन झटापटींवर त्याचं वर्ष ठरलं. सगळा सीझन ज्युनियर व्हर्सिटीत, म्हणजे दुय्यम संघात, गेला.

रात्री स्वयंपाकघरात ओट्याला टेकून आम्ही दोघांनी माझ्या फोनवरचा व्हिडिओ बघितला. तो जेवला नव्हता. मी एकेक फ्रेम पुढे सरकवत होतो. तिसऱ्या वेळी धक्का बसायच्या आधीची फ्रेम मी थांबवली आणि दोघेही गप्प झालो. त्याचे दोन्ही बूट एकमेकांना चिकटलेले होते. पायात वीतभरही अंतर नाही. गुडघे ताठ, कमरेतून पुढे वाकलेला, डोकं पायाच्या बोटांच्या पुढे गेलेलं. असा उभा असलेला माणूस कुणीही पाडेल. मी लहानपणी तालमीत जेवढा गेलो तेवढ्यात एवढं तरी शिकलो होतो. वस्ताद नव्या पोराला डाव शिकवतच नाही, आधी पवित्रा शिकवतो, कारण पाय जुळले की समोरचा पट काढणार. त्या पोराला हिंमत नव्हती असं मला त्या फ्रेममध्ये कुठेच दिसलं नाही. त्याला पाय कसे ठेवायचे हे माहीत नव्हतं, आणि मी त्याच्यावर चढवलेल्या पस्तीस पाउंडांमुळे ते पाय वेळेवर हलतही नव्हते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. वन-ऑन-वनमध्ये हरणं म्हणजे काय हे आधी समजून घ्या. खऱ्या खेळात लाइनमनच्या शेजारी आपली माणसं असतात. सेंटर, दोन गार्ड, दोन टॅकल अशी पाच जणांची भिंत असते. गार्डला माहीत असतं की आतल्या बाजूला सेंटर आहे, त्यामुळे तो एकच बाजू राखतो. वन-ऑन-वनमध्ये समोरच्याला दोन्ही बाजू मोकळ्या, आणि बॉल किती सेकंदांत सुटणार याचं बंधनही बहुतेक वेळा नाही. हा सराव डिफेन्सच्या बाजूने झुकलेला असतो हे जुन्या लाइन कोचना पक्कं माहीत आहे. जो कोच त्यात नुसतं कोण जिंकलं कोण हरलं एवढंच लिहून ठेवतो, तो लाइन जोखत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मग चांगला कोच काय बघतो? पास ब्लॉकिंगमध्ये, म्हणजे बॉल फेकणाऱ्याला राखताना, पहिल्या दोन पावलांत पायांतलं अंतर टिकतं का, हे सगळ्यांत आधी. मागे सरकताना, ज्याला किक-स्लाइड म्हणतात, पाय जुळता कामा नयेत आणि टाचा उचलता कामा नयेत. वाकायचं ते गुडघ्यातून. हात आतल्या बाजूने, अंगठे वर, कोपरं बरगड्यांना धरून, आणि पंच, म्हणजे दोन्ही तळव्यांचा धक्का, मारायचा तो समोरचा हाताच्या टप्प्यात आल्यावर. आधी मारला तर तोल पुढे जातो, उशिरा मारला तर त्याचे हात आपल्या छातीवर आधी येतात. हात बाहेरून गेले की जर्सी धरली जाते आणि होल्डिंगच्या, म्हणजे धरून ठेवल्याच्या, दंडाचे दहा यार्ड जातात. रन ब्लॉकिंगमध्ये, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला वाट करून देताना, पहिलं पाऊल आखूड, साधारण सहा इंचांचं, आणि टक्कर व्हायच्या आत दुसरा पाय जमिनीवर टेकलेला हवा. लांब पाऊल टाकणारं पोर दिसायला आक्रमक दिसतं, पण एका पायावर असतानाच धडकतं आणि मागे जातं.

याखेरीज डोकं लागतं. समोरचे दोघे आपसांत जागा बदलून घुसतात, त्याला स्टंट म्हणतात. तेव्हा आपला माणूस शेजारच्याकडे सोपवायचा आणि त्याचा आपण घ्यायचा. हे वन-ऑन-वनमध्ये कधीच कळत नाही, ते पाच विरुद्ध पाचमध्ये किंवा स्क्रिमेजमध्येच, म्हणजे सरावाच्या सामन्यातच, कळतं. म्हणून पहिल्या आठवड्यावरून खचू नका, स्क्रिमेजची वाट बघा.

हे सगळं मला पुढच्या वर्षी कळलं. २०१८ ला आमच्याकडे नवा लाइन कोच आला, कधीकाळी एका छोट्या कॉलेजात सेंटर खेळलेला. त्याने आल्यावर वजनाचा काटा बघितलाच नाही. एक लांब फळी आणली, फूटभर रुंद. ती जमिनीवर ठेवायची, दोन पाय तिच्या दोन्ही बाजूंना, आणि समोर ढाल धरलेल्याला फळीच्या टोकापर्यंत ढकलत न्यायचं. फळीला पाय लागला की परत पहिल्यापासून. त्यानंतर शूट, म्हणजे लोखंडी नळ्यांचं बुटकं छत. त्याखालून थ्री-पॉइंट, म्हणजे एक हात जमिनीला टेकलेल्या, पवित्र्यातून सुटायचं, ताठ झालात तर हेल्मेट वर आदळतं. उन्हाळाभर एवढंच. आमचा पोरगा आपोआप २०७ वर आला. मी अंडी कमी केली नव्हती, तो पळायला लागला होता.

त्या कोचची जोखायची पद्धतही बघा. प्रत्येक स्क्रिमेजनंतर तो फिल्म लावायचा आणि प्रत्येक प्लेला, म्हणजे एकेका चालीला, प्रत्येक मुलापुढे तीन खुणा करायचा: काम बरोबर केलं का, तंत्र बरोबर होतं का, शिटी होईपर्यंत झटला का. अधिक किंवा उणे. एखादा प्ले फसला तरी आमच्या पोराला तीन अधिक मिळालेले मी बघितलेत, आणि टचडाउन झालेल्या प्लेला तंत्रात उणेही. ते कागद मी अजून जपून ठेवलेत. पहिल्या स्क्रिमेजच्या कागदावर तंत्राच्या रकान्यात उणे जास्त आहेत, तिसऱ्या रकान्यात मात्र एकही उणे नाही. ज्याला 'सॉफ्ट' म्हटलं होतं, तो पोरगा एकदाही शिटीच्या आधी थांबला नव्हता. दहाच्या दहा सामने तो राइट गार्डला सुरुवातीपासून खेळला.

नोव्हेंबरमध्ये सीझन संपल्याचं जेवण होतं. हेड कोच माइक घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, गेल्या वर्षी मी याला सॉफ्ट म्हटलं, ते याला झोंबलं, म्हणून आज हा इथे उभा आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. त्या शब्दाने पोरगा वर्षभर आरशात बघायचा टाळत होता, हे त्या खोलीत फक्त आम्हाला दोघांना माहीत होतं. त्याला उभं केलं त्या फुटाच्या फळीने आणि ती आणणाऱ्या माणसाने. मी तेव्हा बोललो नाही. मुलाने टेबलाखालून माझा हात दाबला होता. आज तुमच्या निमित्ताने बोलतोय.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो, लाइनवरच्या पोराबद्दल कुणी टफनेसची भाषा केली की आधी पाय बघा, मग हात बघा. स्वभावावर बोलायची वेळ क्वचितच येते. मोठ्या लोकांची उदाहरणं हवीत तर स्टीफन नील बघा. कॉलेजात फुटबॉल न खेळलेला हा कुस्तीगीर, १९९९ चा फ्रीस्टाइलचा जगज्जेता. एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सने त्याला गार्ड बनवलं आणि तीन सुपर बोल, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकलेल्या संघांत तो होता. आपल्याकडे कुस्ती बघितलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. आणि जेसन केल्सी, फिलाडेल्फियाचा सेंटर. सिनसिनाटीच्या कॉलेजात आला तेव्हा तो लाइनमनच नव्हता, आणि लाइनमन म्हणून कायम लहान चणीचा गणला गेला. २०११ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल संघांच्या खेळाडू निवडीत, १९१ वा, म्हणजे तोवर १९० जणांना त्याच्या आधी पसंती मिळाली होती. २०२४ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या पिढीतला सर्वोत्तम सेंटर कोण यावर फारसा वाद उरला नव्हता. आणि ज्या ओक्लाहोमा ड्रिलवर आमच्या हेड कोचचा एवढा जीव होता, दोन पोरं समोरासमोर उभी करून कोण कुणाला आडवं करतं ते बघायचं, ते एनएफएलने २०१९ मध्ये कॅम्पमधून बंदच केलं.

वजनाला अर्थच नाही असं मात्र समजू नका. नील आणि केल्सी आपल्या मानाने अवाढव्य माणसं आहेत, आणि एनएफएलच्या लाइनवर तीनशे पाउंड ही साधी गोष्ट आहे. कॉलेजात खेळायचं तर वजन लागणारच. पण ते पायांच्या पाठोपाठ यावं, वर्षाला दहा-बारा पाउंड, आणि धावायचा वेग बिघडला की तिथेच थांबावं. मी तीन महिन्यांत पस्तीस चढवले, ते चूक होतं, ही बरोबर होती. शिवाय टेक्सासचा ऑगस्ट आहे. २००१ मध्ये एनएफएलमधल्या मिनेसोटा संघाचा कोरी स्ट्रिंगर हा टॅकल कॅम्पमध्ये उष्माघाताने गेला, सत्तावीस वर्षांचा. पोरगा सरावात गोंधळल्यासारखा बोलला किंवा उलटी झाली तर टफनेस वगैरे काही ऐकून घेऊ नका, सरळ मैदानात शिरा. डोक्याला मार लागला तरी तेच.

एक व्यवहाराची गोष्ट, व्हर्सिटीच्या तुमच्या प्रश्नाला जवळची. त्याला सेंटरचा स्नॅप, म्हणजे पायांमधून बॉल मागे देणं, शिकायला सांगा. गार्ड आणि सेंटर दोन्ही खेळू शकणारा पोरगा पहिल्या पाचात नसला तरी सहावा-सातवा म्हणून बहुतेक कोच जवळ ठेवतात. रोज घरामागे पन्नास शॉटगन स्नॅप, म्हणजे लांब मागे फेकायचे, समोर तुम्ही पकडायला उभे राहा.

आणि पुढच्या सरावाला व्हिडिओ काढाल तो बाजूच्या कुंपणावरून काढू नका. तिथून नुसती एक बाजू दिसते. एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या, मागे जा, फोन आडवा धरा, चेहरा कापला गेला तरी चालेल पण बूट दिसले पाहिजेत. रात्री त्याला आधी जेवू घाला, मग पहिल्या दोन पावलांवर थांबवून त्यालाच विचारा की पायात अंतर किती दिसतंय.