वाचकांचे प्रश्न : सात-तीन म्हणजे चांगलं की वाईट?

यावेळी अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांच्या फुटबॉलबद्दल बरेच प्रश्न आलेत, बहुतेक घरातलं कुणीतरी तिकडे शिकायला गेलंय म्हणून. मला हा विषय मनापासून आवडतो, त्यामुळे उत्तरं जरा लांबलीत. आणि हो, हा फुटबॉल म्हणजे हातात बॉल घेऊन पळायचा, हेल्मेटवाला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, गेलात तर परत चार प्रयत्न. एवढं माहीत असलं की पुढचं सगळं कळतं.

प्रश्न : माझा भाचा ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजच्या टीममध्ये आहे. त्यांचा सीझन सात-तीन संपला. ताई प्रचंड खूश आहे, पण टीम प्लेऑफला गेलीच नाही. मग खूश व्हायचं की नाही?

व्हा की खूश! सात-तीन म्हणजे सात मॅच जिंकल्या, तीन हरल्या. तुमचा भाचा बहुतेक डिव्हिजन थ्री मध्ये (एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेची तिसरी पातळी) खेळत असणार, तिथे रेग्युलर सीझनला दहाच मॅच असतात. सप्टेंबरला सुरू, नोव्हेंबरच्या मध्याला खेळ खल्लास. देशभरात अशा साधारण २४० टीम आहेत आणि प्लेऑफला जागा ४०, त्यासुद्धा २०२४ पासून, त्याआधी ३२ च होत्या. त्यातल्या बऱ्याचशा जागा आपापली कॉन्फरन्स (एकमेकांशी दरवर्षी खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) जिंकणाऱ्यांना थेट जातात, मग उरलेल्या थोड्या जागांसाठी नऊ-एक आणि आठ-दोनवाले रांगेत उभे असतात. म्हणजे सात-तीनवाली टीम बाहेर राहिली यात कमीपणा वाटून घ्यायचं काहीच कारण नाही.

पण नुसत्या आकड्यावर थांबू नका, भाच्याला तीन गोष्टी विचारा. एक, त्या तीन मॅच कुणाशी हरले. ओहायोत असेल आणि त्याची टीम माउंट युनियन या सतत जिंकणाऱ्या कॉलेजच्या कॉन्फरन्समध्ये असेल तर त्यातला एक पराभव दरवर्षी जवळपास ठरलेलाच असतो. दोन, आदल्या वर्षी काय होतं. दोन-आठ वरून सात-तीन वर येणं हे मला तरी नऊ-एक वरून दहा-शून्य होण्यापेक्षा मोठं काम वाटतं. तीन, टीममधली किती मुलं शेवटच्या वर्षाची होती आणि किती परत येणार आहेत. छोट्या कॉलेजात सगळं या तिसऱ्या गोष्टीवर असतं, कारण चांगला क्वार्टरबॅक (टीमचा बॉल फेकणारा) आणि त्याच्यासमोर उभे राहून त्याला वाचवणारे लाइनमन एकदम पास होऊन गेले की पुढच्या वर्षी तीच टीम ओळखू येत नाही.

आणि कधीकधी अख्खा सीझन एका मॅचवर तोलला जातो. इंडियानात वाबाश आणि डीपॉ ही दोन छोटी कॉलेजं आहेत, १८९० पासून एकमेकांशी खेळतायत आणि १९३२ पासून जिंकणाऱ्याला रेल्वे इंजिनाची जुनी घंटा मिळते, वजन साधारण ३०० पौंड! बाकी वर्ष कसंही जावो, घंटा घरी आली की तिथल्या लोकांसाठी वर्ष चांगलं गेलं.

प्रश्न : डिव्हिजन थ्री मध्ये खेळासाठी स्कॉलरशिप मिळत नाही असं ऐकलं. मग मुलं एवढी हाडं मोडून का घेतात? आणि कॉलेज तरी टीम का चालवतं?

बरोबर ऐकलंत, खेळासाठी एक पैसाही देत नाहीत. घरच्या परिस्थितीवर किंवा मार्कांवर मदत मिळू शकते, पण ती इतर विद्यार्थ्यांना मिळते तशीच. (डिव्हिजन टू आणि एनएआयए नावाच्या दुसऱ्या संघटनेत थोडीफार स्कॉलरशिप वाटून देतात, तेव्हा नेमकं कॉलेज कशात आहे ते बघा.) मुलं खेळतात कारण त्यांना अजून चार वर्षं खेळायचं असतं, एवढंच. मोठ्या युनिव्हर्सिटीत त्यांना कुणी घेतलं नसतं.

कॉलेजचं गणित मात्र वेगळं आहे. दीड-दोन हजार विद्यार्थ्यांच्या कॉलेजात शंभरेक मुलं फुटबॉलसाठी आली तर ती शंभर ॲडमिशन आहेत, फी भरणारी. म्हणून मधल्या काळात किती तरी छोट्या कॉलेजांनी नव्याने टीम सुरू केल्या. उलटही होतं. पेन्सिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजने २००० च्या सीझननंतर फुटबॉल बंदच करून टाकला. आयोवातल्या ग्रिनेलने २०१९ मध्ये दुखापतींमुळे उभी राहतील अशी मुलंच कमी उरली म्हणून सीझन मध्येच थांबवला. तो निर्णय मला धाडसाचा वाटतो, दमलेल्या मुलांना पूर्ण मॅच मैदानात ठेवणं या खेळात धोक्याचं असतं.

प्रश्न : आमच्या पुतण्याची टीम दोन वर्षांत एकही मॅच जिंकली नाहीये. त्याला काय सांगू?

त्याला मॅकॅलेस्टरची गोष्ट सांगा. मिनेसोटात सेंट पॉल शहरातलं अभ्यासासाठी नावाजलेलं कॉलेज, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान तिथलेच. त्यांची टीम १९७४ पासून सलग ५० मॅच हरली. पन्नास! म्हणजे मधल्या काळात अशी मुलं होऊन गेली असणार ज्यांनी चार वर्षं घाम गाळला आणि जिंकणं म्हणजे काय ते न बघताच डिग्री घेऊन बाहेर पडली. मग ६ सप्टेंबर १९८० ला माउंट सेनारिओ नावाच्या कॉलेजविरुद्ध शेवटच्या काही सेकंदांत फील्ड गोल (बॉल लाथेने खांबांमधून मारणं) मारून त्यांनी १७-१४ अशी मॅच काढली.

मला त्यात जिंकण्यापेक्षा एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, की त्या सहा वर्षांत दर ऑगस्टला नवी मुलं प्रॅक्टिसला येत राहिली. पुतण्याला हे सांगून तो लगेच हसेल असं नाही, हरल्याचं वाईट वाटणारच. पण जमलं तर त्याच्या मॅचचे स्कोअर नीट बघा, ४५-० वरून २४-१७ वर आले असतील तर त्याची टीम सुधारतेय आणि हे त्याला घरातल्या कुणीतरी म्हणून दाखवायला पाहिजे.

प्रश्न : छोट्या कॉलेजांतली आजवरची सगळ्यात भारी टीम कुठली?

आकड्यांनी बघितलं तर ओहायोत अलायन्स गावातलं माउंट युनियन, वादच नाही. लॅरी केहरेस तिथे १९८६ ते २०१२ कोच होते, ३३२ जिंकल्या, २४ हरल्या, ३ बरोबरीत, आणि ११ नॅशनल टायटल. आधी सलग ५४ मॅच जिंकले, मग एक हरले आणि परत सलग ५५. नंतर विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर कॉलेजशी त्यांची जी जुंपली ती बघण्यासारखी होती, २००५ ते २०११ सलग सात वर्षं फायनल याच दोन टीममध्ये. रेग्युलर सीझनमध्ये तर माउंट युनियनवाले २००५ पासून ११२ मॅच हरलेच नव्हते, शेवटी २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये जॉन कॅरोल नावाच्या कॉलेजने ३१-२८ असं पाडलं. जॉन कॅरोलच्या त्या पोरांना हा सीझन आयुष्यभर पुरेल.

पण मनातलं विचाराल तर माझं उत्तर मिनेसोटातलं सेंट जॉन्स. कारण जॉन गॅग्लियार्डी. हा माणूस सोळाव्या वर्षी कोच झाला, दुसरं महायुद्ध चालू होतं, शाळेच्या कोचला सैन्यात बोलावलं आणि टीम बंद पडू नये म्हणून हा पोरगा उभा राहिला. १९५३ ला सेंट जॉन्सला आला आणि २०१२ पर्यंत तिथेच राहिला. एकूण ४८९ विजय, कॉलेज फुटबॉलमध्ये कुठल्याही लेव्हलला एवढे कुणाचेच नाहीत. आणि पद्धत कशी, तर प्रॅक्टिसमध्ये टॅकलिंग (समोरच्याला धरून पाडणं) नाही, शिट्टी नाही, जबरदस्तीचं वेटलिफ्टिंग नाही, दीड तासाच्या वर प्रॅक्टिस नाही आणि 'कोच' म्हणायचं नाही, नुसतं जॉन म्हणायचं. आज डोक्याच्या दुखापतींमुळे सगळीकडे प्रॅक्टिसमधलं टॅकलिंग कमी करतायत, ते या माणसाने कित्येक दशकं आधी करून दाखवलं होतं आणि जिंकूनही दाखवलं.

माउंट युनियनची ती ५५ मॅचची मालिका तोडली कुणी माहितीये? याच सेंट जॉन्सने, २००३ च्या फायनलला, २४-६. त्याच सीझनमध्ये गॅग्लियार्डींनी कोच एडी रॉबिन्सन यांचा ४०८ विजयांचा विक्रम मोडला होता. टीम १४-०. एकाच सीझनमध्ये इतकं सगळं जुळून आलेलं मला दुसरं आठवत नाही.

प्रश्न : खेळाडूंचे आकडे कसे वाचायचे? मुलगा म्हणतो तो ऑल-कॉन्फरन्स झाला, आणि दुसरीकडे त्याच्या नावापुढे पळण्याचे यार्ड मायनसमध्ये दिसतात!

मुलगा क्वार्टरबॅक असणार. घाबरू नका. कॉलेज फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकला बॉल फेकायच्या आधीच मागे पाडलं, म्हणजे सॅक झाला, की ते गेलेले यार्ड त्याच्या पळण्याच्या खात्यातून वजा होतात. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, तेच टीमच्या पासिंगमधून वजा होतात. त्यामुळे समोरची लाइन कच्ची असली की क्वार्टरबॅक मायनसमध्ये जातो, आणि त्यात त्याची चूक असेलच असं नाही.

ऑल-कॉन्फरन्स म्हणजे त्या कॉन्फरन्सच्या कोचनी मतं देऊन निवडलेली टीम, वर्षभर ज्यांच्याशी लढलात त्यांनीच तुम्हाला चांगलं म्हटलं. त्याच्या वर ऑल-अमेरिका, ते देशपातळीवरचं. अभ्यास आणि खेळ दोन्ही बघून दिलं जाणारं ॲकॅडेमिक ऑल-अमेरिकाही असतं, त्याला दुय्यम समजू नका. डिव्हिजन थ्रीतल्या सर्वोत्तम खेळाडूला १९९३ पासून गॅग्लियार्डी ट्रॉफी मिळते, तिच्यातही खेळ, अभ्यास आणि समाजकार्य तिन्ही बघतात.

विक्रमांचे आकडे मात्र जपून वाचा. माउंट युनियनचा नेट किमिक २००५ ते २००८ मध्ये ८,०७४ यार्ड पळाला, एनसीएएच्या कुठल्याही डिव्हिजनमध्ये आठ हजारांच्या पुढे जाणारा तो पहिला. जबरदस्तच आहे, पण त्याची टीम फायनलपर्यंत जायची म्हणून त्याला वर्षाला पंधरा मॅच मिळायच्या. दहा मॅचमध्ये सीझन संपणाऱ्या पोराची त्याच्याशी तुलना करायची तर मॅचमागे सरासरी काढा, क्रिकेटमध्ये काढतो तशी. एका मॅचचे विक्रम तर अजून भन्नाट. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये वेस्टर्न कनेक्टिकटचा ऑक्टाव्हियस मॅकॉय एका मॅचमध्ये ४५५ यार्ड पळाला, सगळे म्हणाले आता हे कोण मोडणार, आणि दोनच आठवड्यांत हायडलबर्गच्या कार्टेल ब्रूक्सने ४६५ केले.

लाइनमनच्या नावापुढे तर काहीच आकडे नसतात. तुमचं कुणी त्या जागेवर खेळत असेल तर टीमचे पळण्याचे एकूण यार्ड बघा आणि सॅक किती कमी झाले ते बघा, तोच त्याचा स्कोअर.

प्रश्न : इथून एनएफएलला जाता येतं का?

येतं, फार कमी जणांना. जॉन कॅरोलच्या लंडन फ्लेचरला १९९८ मध्ये ड्राफ्टमध्ये (एनएफएलच्या टीम नवे खेळाडू निवडतात तिथे) कुणी घेतलं नाही, तरी तो १६ सीझन खेळला आणि सलग २५६ मॅच, एकही चुकवली नाही. आयोवातल्या को कॉलेजचा फ्रेड जॅक्सन आधी इनडोअर लीगमध्ये आणि युरोपात खेळत राहिला, मग बफेलो बिल्सकडून २००९ मध्ये हजारावर यार्ड पळाला. माउंट युनियनचा पिएर गार्सन २०१३ ला ११३ कॅच घेऊन अख्ख्या लीगमध्ये पहिला आला. होबार्टचा अली मार्पेट २०१५ ला ६१ वा निवडला गेला, डिव्हिजन थ्रीतून इतक्या वर कुणीच गेलं नव्हतं, आणि सुपर बोलही, म्हणजे एनएफएलची फायनलही जिंकला. व्हाइटवॉटरच्या क्विन माइनर्झचं शेवटचं वर्ष तर कोविडमुळे रद्दच झालं होतं, तो कॅनडातल्या जंगलात झाडांना धक्के मारत सराव करायचा. २०२१ मध्ये डेन्व्हरने तिसऱ्या राउंडला घेतला आणि २०२४ मध्ये ऑल-प्रो, म्हणजे लीगच्या सर्वोत्तम खेळाडूंत निवड.

पण मुलाने कॉलेज यावर निवडू नये. चार वर्षांनी हातात डिग्री कशाची असेल हे आधी बघा, कोच चांगला आहे का ते नंतर.

प्रश्न : इथून मॅच बघता येतात का?

हो. बरीच कॉलेजं आणि कॉन्फरन्स स्ट्रीमिंग करतात, कॉलेजच्या ॲथलेटिक्सच्या पानावर शेड्यूलशेजारी लिंक असते. मॅच शनिवारी दुपारी असतात. ओहायोत दुपारी एकला सुरू झाली तर आपल्याकडे शनिवारी रात्रीचे साडेदहा, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांची घड्याळं मागे गेली की साडेअकरा. मिनेसोटा किंवा आयोवा असेल तर अजून एक तास उशिरा. भाच्याचा जर्सी नंबर आधी विचारून ठेवा, हेल्मेटमध्ये चेहरा दिसत नाही.