रिपोर्ट नॉर्मल, तरी अंगात त्राण नाही. पोटातल्या जंतूंमुळे का?

प्रश्न: डॉक्टर, माझं वय ३८, राहते नाशिकला. दोन वर्षांपूर्वी मोठा ताप येऊन गेला तेव्हापासून अंगात त्राणच नाही. केस धुतले तरी अर्धा तास आडवं व्हावं लागतं, दिवाळीची साफसफाई केली तर चार दिवस अंथरुणात होते. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी १२ सगळं नॉर्मल, पोट मात्र सारखं बिघडलेलं. एका डॉक्टरांनी क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे न हटणाऱ्या थकव्याचा आजार सांगितलाय. नणंद म्हणते पोटातले जंतू बिघडलेत, स्टूल टेस्ट कर आणि तीन महिने प्रोबायोटिक (चांगल्या जंतूंचं औषध) घे, रोज थोडं थोडं चालणंही वाढव. घेऊ का? घरच्यांना वाटतं मी कामं टाळते.

उत्तर: ताई, तुम्ही कामं टाळत नाही आहात, हे आधी सांगते. काम केल्यावर त्या मानाने कितीतरी जास्त आजारी पडणं आणि त्यातून वर यायला दिवसच्या दिवस लागणं, ही या आजाराची मुख्य खूण आहे, तुमचे ते दिवाळीनंतरचे चार दिवस म्हणजे तेच.

आता जंतूंचं, म्हणजे आपल्या आतड्यात मुळातच राहणाऱ्या सूक्ष्म जिवांचं. नणंदबाईंचं म्हणणं अगदीच हवेतलं नाहीये. २०२३ मध्ये अमेरिकेत दोन अभ्यास एकदमच आले. कोलंबिया विद्यापीठाने १०६ पेशंट आणि ९१ निरोगी माणसांची तुलना केली, तर पेशंटच्या पोटात ब्युटिरेट बनवणारे जंतू कमी निघाले. हे ब्युटिरेट म्हणजे आपण खातो त्या चोथ्यापासून जंतू बनवतात तो पदार्थ, मोठ्या आतड्याच्या अस्तराचं ते खाणंच आहे म्हणा ना, आणि आतली सूजही त्याने आटोक्यात राहते. त्यातला फीकॅलिबॅक्टेरियम नावाचा जंतू जितका कमी तितका थकवा जास्त, असंही दिसलं. दुसरा अभ्यास जॅक्सन लॅबोरेटरीचा, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आजार चार वर्षांच्या आतला असेल तर जंतूंची घडी जास्त विस्कटलेली होती, दहा वर्षांहून जुन्या पेशंटमध्ये ती बरीचशी सावरलेली, पण आजार काही गेलेला नव्हता! म्हणजे नुसते जंतू जागेवर आले की माणूस बरा, इतकं हे सरळ नाही. जंतू बिघडले म्हणून थकवा आला, की आजारामुळे खाणं, हालचाल, झोप बदलली म्हणून जंतू बिघडले, हे अजून कुणालाच नक्की सांगता येत नाही.

म्हणून महागड्या स्टूल टेस्टवर पैसे घालू नका, त्या रिपोर्टवरून या आजाराचं निदानही होत नाही आणि औषधही ठरत नाही. प्रोबायोटिकने थकवा जातो असा भरवशाचा पुरावा नाही. ताक, ज्वारीची भाकरी, मूगडाळ पोटाला सोसेल तेवढं घ्या, पण चोथा एकदम वाढवलात तर गॅस होईल, हळूहळू वाढवा.

चालण्याचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. ठरवून रोज व्यायाम वाढवत न्यायची पद्धत उपचार कसे करावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये या आजारासाठी बंदच करायला सांगितली. ताकद संपायच्या आधी थांबायचं, बरं वाटलं त्या दिवशीसुद्धा. पोळ्या लाटायच्या तर स्टूलवर बसून, चार झाल्या की थांबा, उरलेल्या दुसरं कुणीतरी लाटेल. घरच्यांना हे उत्तर वाचायला द्या.

आणि पोटाच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच, सिलिअ‍ॅकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते तो आजार) रक्ततपासणी झाली नसेल तर करून घ्या. शौचातून रक्त जात असेल किंवा वजन आपोआप उतरत असेल तर थांबूच नका, लगेच जा.