नमुना पुरेसा झाला नाही तर?

प्रश्न : मी अमेरिकेत ट्रक चालवतो. अचानक होणाऱ्या ड्रग टेस्टला बोलावल्यावर लघवी पुरेशी झाली नाही, तर लायसन्स जातं का?

उत्तर : नुसत्या तेवढ्यानं नाही. किमान ४५ मिलिलिटर नमुना लागतो. कमी पडला की तीन तासांची मुदत सुरू होते. ती वेळ फॉर्मवर लिहून घेतली का, तेवढं जरूर पाहा. या वेळात एकूण ४० औंस, म्हणजे साधारण सव्वा लिटरपर्यंत पाणी थोडं थोडं प्यायचं. घटाघटा पिऊ नका, नमुना फार पातळ झाला तर नवी कटकट.

खरा घोटाळा पुढे होतो. कंटाळून, 'लोड उशिरा पोचेल' म्हणून ड्रायव्हर निघून जातो. परवानगीशिवाय निघालात की तो टेस्टला नकारच, आणि नकाराची नोंद पॉझिटिव्हसारखीच क्लिअरिंगहाउसमध्ये, म्हणजे ड्रायव्हरांच्या ड्रग-दारू नियमभंगाच्या सरकारी नोंदवहीत, जाते. डिस्पॅचरचा (गाड्या पाठवणाऱ्याचा) फोन कितीही वाजू द्या, जागा सोडू नका.

तीन तासांतही जमलं नाही, तर पाच दिवसांत डॉक्टरकडून तपासणी करून घ्यावी लागते. मूत्रमार्गाचा जुना आजार असेल तर कागदपत्रं सोबत न्या. 'टेन्शन आलं होतं' एवढं कारण चालत नाही.