सुडोकू सुटतं, मग नावं का आठवत नाहीत?

वाचकांचे प्रश्न : उतारवय आणि स्मरणशक्ती

प्रश्न : वय ६८. पेपरातलं शब्दकोडं आणि सुडोकू रोज सोडवतो, सहसा अडत नाही. तरी सोसायटीत नव्याने आलेल्यांची नावं दोन दिवसांत विसरतो. मग या कोड्यांचा उपयोग काय? (सांगली)

उत्तर : सुडोकूने मुख्यतः सुडोकूच सुधारतं. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या २,८३२ जणांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगात वेगवेगळ्या गटांना स्मरणाचा, तर्काचा आणि नजरेने चटकन टिपण्याचा सराव दिला होता. २००२मध्ये निकाल आला : ज्याने जे घोटलं तेच त्याचं सुधारलं, बाकीचं जवळपास होतं तिथेच राहिलं. सुडोकूत आकडे डोळ्यांसमोर असतात, लक्षात ठेवायला फारसं काही नसतंच. शब्दकोड्यात जुना शब्दसाठा उपसायचा असतो. तो उपसण्यात मजा आहे, कोडी सोडू नका. पण नाव लक्षात ठेवणं हे काम निराळं आहे.

बऱ्याचदा नाव विसरलेलं नसतं, ते कानावर पडलं तेव्हा लक्ष भलतीकडे असतं. म्हणून ओळख होताच नाव मोठ्याने म्हणा : “कुलकर्णी ना? कुठले?” बोलता बोलता ते आणखी एकदा वापरा. लिफ्टमध्ये शिरल्यावर मनात आठवा, मग रात्री जेवताना, दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा तीन-चार दिवसांनी. दोन वेळांमधलं अंतर वाढत गेलं पाहिजे. एकाच बैठकीत वीसदा घोकलेलं नाव तितकं टिकत नाही. आठवत नसेल तर लगेच मोबाइल उघडू नका. अर्धा मिनिट झटा, मगच बघा. खरा सराव त्या अर्ध्या मिनिटात होतो.

कोड्यालाही हीच जोड देता येईल. सकाळी सोडवलेल्या कोड्यातले दहा शब्द संध्याकाळी न बघता कागदावर लिहा. पहिल्या दिवशी चार आठवले तरी पुष्कळ.

प्रश्न : आई ७४ वर्षांची आहे. रामरक्षा आणि अथर्वशीर्ष रोज म्हणते. स्मरणशक्तीसाठी तेवढं पुरे का? (डोंबिवली)

उत्तर : मनाला बरं वाटतं म्हणून जरूर म्हणावं. पण साठ वर्षं तोंडात बसलेलं स्तोत्र आपोआप वाहतं. म्हणता म्हणता कुकरच्या शिट्ट्याही मोजून होतात. मेंदूला काम हवं असेल तर कधीच पाठ नसलेलं काहीतरी घ्यायला हवं. त्यांच्या आवडीचा एखादा अनोळखी अभंग चांगला.

पहिल्या दिवशी दोनच ओळी : तीनदा वाचायच्या, पुस्तक मिटायचं आणि म्हणून बघायच्या. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडण्याआधी त्या ओळी आठवायच्या, मग पुढच्या दोन. पूर्ण झाल्यावर एक दिवस, तीन दिवस आणि आठवडा अशा अंतराने न बघता म्हणायचा. इथे फसगत अशी होते, की पोथी समोर ठेवून वाचताना सगळं येतंय असं वाटतं. ते ओळखणं असतं, आठवणं नव्हे. दुसरी अडचण : दर वेळी पहिल्या ओळीपासून सुरुवात केल्याने मुखडा पक्का होतो आणि शेवट डळमळीत राहतो. अधूनमधून शेवटच्या कडव्यापासून सुरू करावं.

पाठांतर नको असेल तर आकडेमोड आहे. जुन्या शाळेत शिकलेल्यांना पावकी-निमकी, दिडकी येत असते. औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, बऱ्याच जणांचा निसटलेला असतो. पाच औटे साडेसतरा, सात औटे साडेचोवीस, असा चालता चालता बांधत जायचा. तोही तोंडपाठ झाला की त्याचं काम संपलं. मग उलटा म्हणायचा.

प्रश्न : आम्ही चौघी दुपारी बदाम सात खेळतो. डोक्याला ताण देणारा खेळ सुचवा, पण फार अवघड नको. (पुणे)

उत्तर : मेंढीकोट. बदाम सातमध्ये पडलेली पानं समोर मांडलेली राहतात. मेंढीकोटात हात उचलला की पानं पालथी होतात आणि काय गेलं ते ध्यानात ठेवावं लागतं. जोड्या असल्याने भांडणही रंगतं, आणि तो फायदा कमी लेखू नये.

नवखी माणसं ५२ पानं लक्षात ठेवायला जातात आणि दोन डावांत कंटाळतात. आधी फक्त चार दश्श्या धरा, कारण या खेळात त्याच जिंकायच्या असतात : कुठल्या गेल्या, कुठल्या बाकी. ते जमलं की हुकूम मोजा, पण एकपासून तेरापर्यंत नव्हे. तुमच्या हातात हुकमाची चार पानं असतील तर बाहेर नऊ. बाहेरचं पान पडलं की आठ, सात असं उतरत या. आकडा लहान होत गेला की चुका कमी होतात. तिसरी पायरी म्हणजे कुणाकडे किलवर, कुणाकडे चौकट संपलं ते टिपणं. ही जमायला वेळ लागतो, घाई नको. चौघींपैकी कुणाला ऐकू कमी येत असेल तर कान तपासून घ्या. ऐकू न येणारी व्यक्ती हळूहळू खेळाला यायचीच बंद होते, आणि कमी ऐकू येणं हा डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) एक मोठा धोका मानला जातो.

प्रश्न : विसरणं वयामुळे की आजारामुळे, हे कसं ओळखायचं? (नाशिक)

उत्तर : चष्मा कुठे ठेवला ते न आठवणं, नाव ओठावर येऊन अडणं आणि तासाभराने सुचणं, हे वयाचं. तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा विचारणं, रोजच्या रस्त्यावर चुकणं, सुट्ट्या पैशांचा हिशेब न जमणं किंवा चहा करतानाचा क्रमच विसरणं असं होऊ लागलं तर डॉक्टरांना दाखवा. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक सुरू झाला असेल तर त्याच दिवशी न्या. लघवीचा संसर्ग किंवा रक्तातलं सोडियम उतरणं अशीही कारणं असतात.

सगळंच विसरणं डिमेन्शिया नसतं. बी-१२ जीवनसत्त्व कमी असणं, थायरॉइड, नैराश्य यांवर उपचार आहेत. शाकाहारी घरांत बी-१२ची तपासणी आवर्जून करावी. झोपेच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांनीही विसराळूपणा येतो. त्या स्वतःहून बंद करू नका; घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, मेडिकलमधून परस्पर आणलेल्यांसह, पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. सोबत रोज बरोबर राहणारं माणूस हवं, कारण काय विसरतो हे विसरणाऱ्याला नेमकं सांगता येत नाही.