काउबॉय टोपी नसली तरी चालेल

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याकडचा. नोकरीसाठी शिकागोत आलो, साउथ लूपमध्ये राहतो. येता-जाता कानात कंट्री म्युझिक, म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतून आलेलं संगीत असतं. ऑफिसातले अमेरिकन मित्र हसतात, ‘हे ट्रक आणि बिअरवाल्यांचं संगीत, तू भर शहरात राहणारा, तुला हे कुठून लागलं?’ मराठी मित्रांना जॅझ चालतं, ब्लूज चालतं, पण याचं नाव काढलं की नाकं मुरडतात. बायको गाडीत बसली की आधी गाणं बदलते. प्रत्यक्ष जाऊन ऐकायची फार इच्छा आहे, पण तिथे आपल्या रंगाचा मी एकटाच असेन, या विचाराने पाय निघत नाही. ताई, तुम्ही याच शहरात राहून हे संगीत ऐकता, असं मागे एका उत्तरात लिहिलं होतंत. काय करू?
– एक वाचक, शिकागो

उत्तर : मित्रांना आधी तुमच्याच मोहल्ल्याची गोष्ट सांगा. साउथ लूपमध्ये, वाबाश अ‍ॅव्हेन्यू आणि एट्थ स्ट्रीटच्या कोपऱ्यावर पूर्वी एक थिएटर होतं. 1932पासून तिथे दर शनिवारी रात्री ‘नॅशनल बार्न डान्स’ हा कंट्रीचा कार्यक्रम व्हायचा. लोक तिकिटं काढून यायचे आणि दूरदूरच्या शेतघरांत तो रेडिओवर ऐकला जायचा. डब्ल्यूएलएस या शिकागोच्या केंद्रावर हा कार्यक्रम सुरू झाला एप्रिल 1924मध्ये. हे केंद्र काढलं सिअर्स कंपनीने. टपालाने माल पाठवणाऱ्या या कंपनीचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी, मग रेडिओवर फिडल (म्हणजे व्हायोलिन) आणि बँजो (गोल, चामडं ताणलेलं तंतुवाद्य) वाजणार नाही तर काय? कंट्रीसाठी ज्या नॅशव्हिलचं नाव सगळे घेतात, तिथली ‘ग्रँड ओल ऑप्री’ ही रेडिओवरची मैफल सुरू झाली नोव्हेंबर 1925मध्ये. ती सुरू करणारा जॉर्ज डी. हे नावाचा निवेदक डब्ल्यूएलएसमधूनच तिकडे गेला होता. तेव्हा कंट्री शिकागोत उपरं आहे, हे कुणाचंही ऐकून घेऊ नका.

मला हे संगीत लागलं ते हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. शेजारच्या टेबलावर काम करणारी बाई जन्माने शिकागोची, पण आईवडील केंटकीचे. दुसऱ्या महायुद्धानंतर कोळशाच्या खाणींत यंत्रं आली, माणसं कमी झाली आणि केंटकी, टेनेसी, वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांतली कुटुंबंच्या कुटुंबं शिकागो, डेट्रॉइटच्या कारखान्यांकडे निघाली. शिकागोत त्यांतली पुष्कळशी उत्तरेला अपटाउनमध्ये उतरली. स्वस्त खोल्या, आठवड्याच्या भाड्याने. गावाकडचे लोक, गावाकडचा हेल आणि संध्याकाळी ज्या बारमध्ये आपलं गाणं लागेल तो बार. लालबाग-परळच्या चाकरमान्यांनी डबलबारी भजनं आणि शक्तितुरा मुंबईत जागता ठेवला, तशीच ही गोष्ट आहे. तुम्ही साताऱ्याकडचे. गिरणीत गेलेला एखादा चुलता-मामा तुमच्याही घरात असेलच. गाव सुटलेल्या माणसाचं गाणं तुम्हाला का लागलं, हे मित्रांना कळत नसलं तरी मला नीट कळतं.

त्या बाईने मला पहिल्यांदा ऐकवला तो गायक जॉन प्राइन. दुकानदार त्याला फोकच्या (लोकसंगीताच्या) खणात ठेवतात, ठेवोत बापडे. 1946चा जन्म, तोही शिकागोजवळच्या मेवुडमध्ये. हा पोस्टमन होता, टपाल वाटता वाटता मनात गाणी रचायचा. आईवडील पश्चिम केंटकीच्या मुलेनबर्ग काउंटीचे. तिथलं पॅरडाइज नावाचं गाव कोळशापायी नामशेष झालं, त्यावर त्याने वडिलांसाठी गाणं लिहिलं. 1970मध्ये आर्मिटेज अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका छोट्या क्लबात तो गात असताना शिकागोच्या ‘सन-टाइम्स’ या दैनिकाचे चित्रपट समीक्षक रॉजर इबर्ट तिथे जाऊन पोचले आणि सिनेमाऐवजी त्यांनी या पोस्टमनवर लिहिलं. पुढच्याच वर्षी त्याची पहिली रेकॉर्ड आली. 2020च्या एप्रिलमध्ये कोविडने तो गेला, तेव्हा आम्ही दोघींनी फोनवर बराच वेळ नुसती त्याची गाणी लावली होती.

आता मित्रांचं एक म्हणणं मी मान्य करते. रेडिओवर आज जे सतत वाजतं, त्यात ट्रक, मातीचा रस्ता, थंड बिअर हाच माल फार आहे. मलाही त्याचा कंटाळा येतो. बायकोने तेवढंच ऐकलं असेल तर ती गाणं बदलते यात तिचा दोष नाही.

तिला पेडल स्टील ऐकवा. खरं म्हणजे दाखवा. टेबलासारखं आडवं वाद्य, अनेकदा दोन गळ्यांचं, एकेकावर दहा-दहा तारा. वादक खुर्चीवर बसतो, उजव्या हाताच्या बोटांत नख्या, डाव्या हातात पोलादाची गोल कांडी. खाली पाय पेडलवर आणि दोन्ही गुडघे वाद्याच्या पोटाखालच्या कळांना टेकलेले. पाय दाबला की तार ताणली जाते आणि वाजत असलेला स्वर उचलला जाऊन पुढच्या स्वरात मिसळतो. ही मींड आहे, आपल्या कानाला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. शिवाय हे वाद्य आपल्या नात्यातलंच. हवाई बेटांवरची मांडीवर ठेवून वाजवायची गिटार 1915च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकाभर पसरली, तिला पुढे पेडल लागले. तीच गिटार ताऊ मो यांच्यासारखे कलावंत कलकत्त्याला घेऊन आले. विविध भारतीवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये सिनेगीतांच्या ज्या धून लागायच्या, सुनील गांगुलींच्या रेकॉर्ड्स घरोघरी होत्या, ती हीच हवाईयन गिटार. माझ्या आईला मी पेडल स्टील ऐकवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘अगं, हे रेडिओवर असायचं की!’

रंगाबद्दल. तुमची धाकधूक खोटी आहे, असं मी म्हणणार नाही. मी पहिल्यांदा हे ऐकायला गेले तेव्हा चार माना वळल्या होत्या. गाणं सुरू झालं आणि त्या स्टेजकडे फिरल्या. कंट्री गायक चार्ली प्राइडची गोष्ट माहीत असू द्या. मिसिसिपीत कापूस वेचत वाढलेला काळा मुलगा. त्याच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड्स कंपनीने त्याच्या फोटोशिवाय रेडिओ केंद्रांना पाठवल्या. 1966मध्ये डेट्रॉइटच्या मोठ्या सभागृहात त्याचं नाव पुकारल्यावर टाळ्या कडाडल्या आणि तो स्टेजवर आल्यावर त्या विरत गेल्या. त्याने स्वतःच्या रंगावर एक हलकासा विनोद केला, लोक सैलावले, मग तो गायला. 1971मध्ये कंट्रीवाल्यांनी वर्षाचा सर्वोत्तम कलावंत म्हणून त्यालाच निवडलं. आणि बँजो? तो तर आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लोकांच्या हातचा. या संगीतावर एकाच रंगाची मालकी कधीच नव्हती.

तर जा. अपटाउनमध्ये क्लार्क स्ट्रीटवर कॅरोल्स पब आहे, 2016मध्ये बंद पडून 2018मध्ये पुन्हा उघडला. निघण्यापूर्वी त्या दिवशी कोण वाजवणार ते बघून घ्या आणि बँड सुरू व्हायच्या आधी पोचा, म्हणजे स्टील वादकाचे गुडघे दिसतील अशी जागा मिळते. टोपी नको, बूट नकोत, ऑफिसातून निघालात तसे चला. टीपसाठी फिरवलेल्या बादलीत पैसे टाका, त्यावर त्या मंडळींचं बरंच अवलंबून असतं. बिअर पीत नसाल तर सोडा मागा, कुणी काही म्हणत नाही. पत्नीला बार नको असेल तर लिंकन स्क्वेअरमधल्या ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिकमध्ये न्या. 1957पासूनची संस्था, प्राइनने गिटारचे धडे याच संस्थेत घेतले. मोठी माणसं तिथे ऑफिस सुटल्यावर गिटार, बँजो, फिडल शिकतात. आणि तरीही तिला नाही आवडलं, तर गाडीत तिचं गाणं लावा.

प्रश्न : मी न्यूयॉर्कमध्ये शिकतेय. इथे तर कंट्रीचं नावही कुणी घेत नाही. इथे काही आहे का?
– एक वाचक, क्वीन्स

उत्तर : आहे, आणि बरंच जुनं आहे. टेक्ससचा फिडलवादक ‘एक’ रॉबर्टसन (‘एक’ हे त्याचं नाव) 1922च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला आला आणि व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीसाठी वाजवून गेला. कंट्रीच्या अगदी पहिल्या रेकॉर्ड्समध्ये त्या मोजतात. योडलिंग करणारा, म्हणजे आवाज एकदम उंच-खाली पलटवत गाणारा जिमी रॉजर्स क्षयाने खंगलेला असताना मे 1933मध्ये न्यूयॉर्कच्याच स्टुडिओत शेवटचं गायला. दोन गाण्यांच्या मध्ये खाटेवर पडून राहायचा, उठून पुन्हा गायचा. त्यानंतर दोनच दिवसांनी शहरातल्या हॉटेलात तो वारला, वय 35. ऑप्रीची मंडळी 1947मध्ये कार्नेगी हॉलमध्ये गाऊन गेली आणि ऑगस्ट 1997मध्ये कंट्री गायक गार्थ ब्रूक्सला ऐकायला सेंट्रल पार्क लोटला होता. तुम्ही ब्रुकलिनमध्ये रेड हूकच्या जलोपी थिएटरला जा. लहानशी जागा आहे, बाकांवर बसून ऐकायचं. वाद्यं शिकवतातही. विल्यम्सबर्गमधल्या स्किनी डेनिसमध्ये नाचायला मिळेल, तिकडे मात्र मैत्रीण बरोबर असलेली बरी, कारण गर्दी फार होते आणि खुर्ची कुणीतरी धरून ठेवावी लागते.