पीएचडी करायचीये? आधी गाईड शोध

भाऊ, पेटची (पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची) जाहिरात येऊ दे मग बघू असं करत बसू नको. जळगावला आपल्या उमवित (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात) काय किंवा बाहेर कुठे काय, गाईडकडे जागा रिकामी असेल तरच तुझं जमणार, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमाने प्रोफेसरकडे एकावेळी 8, असोसिएटकडे 6 आणि असिस्टंटकडे 4च जण. म्हणून आधी शोधगंगावर जा, म्हणजे पीएचडीचे प्रबंध ऑनलाइन ठेवलेत त्या साइटवर, तुझ्या विषयातले प्रबंध काढ, कोणाच्या हाताखाली काय काम झालंय ते कळतं, मग त्या सरांना नाहीतर मॅडमना दोन पानांत विषय मांडून मेल टाक. नुसतं 'सर मला पीएचडी करायचीये' लिहिलं तर उत्तर येत नाही, येऊ पण नये खरंतर.

नेट (यूजीसीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) दे, 2024 पासून त्याच्या मार्कांवर पण पीएचडीला प्रवेश घेता येतो, फक्त जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) नसेल तर ते मार्क वर्षभरच चालतात. जेआरएफ निघाली तर सुरुवातीला महिना 37000, मग घरच्यांना केळीच्या भावाकडे बघून तुझी फी भरायला नको. नाही निघाली तर सारथी, बार्टी, महाज्योती या वेगवेगळ्या समाजांसाठीच्या सरकारी संस्थांच्या फेलोशिप आहेत, ज्यात बसशील ते बघ.

नोकरी पाहिजे तर प्रोजेक्ट असोसिएटच्या (संशोधन प्रोजेक्टवरच्या तात्पुरत्या नोकरीच्या) जाहिरातींवर लक्ष ठेव, अर्जाला दिवस थोडेच असतात, आणि प्रोजेक्ट संपला की काम पण संपतं हे घरी आधीच सांगून ठेव.