सॉल्व्हंटमधल्या नॅनोफिल्ट्रेशनचं गणित प्रयोगाशी जुळत नाही, कुठे चुकतंय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इथिल ॲसिटेटमध्ये ५००च्या आसपास रेणुभाराचा पदार्थ आहे, तो नॅनोफिल्ट्रेशनने, म्हणजे दाब देऊन बारीक मेम्ब्रेनमधून सॉल्व्हंट गाळून, लिटरला २० ग्रॅमपासून २०० ग्रॅमपर्यंत घट्ट करायचा आहे. मेम्ब्रेनच्या कटऑफवरून छिद्राचा व्यास काढून तुम्ही पोर-फ्लो मॉडेल (द्रव छिद्रांतून वाहतो असं धरणारं) लावलंत. सुरुवातीचा फ्लक्स (मेम्ब्रेनच्या दर चौरस मीटरमधून तासाला जाणारा द्रव) जमतो, पण शेवटी प्रत्यक्षात निम्म्याहून कमी येतो.

पहिली गडबड कटऑफमध्येच आहे. तो आकडा म्हणजे ज्या रेणुभाराला ९० टक्के रिजेक्शन मिळतं, म्हणजे मेम्ब्रेन ९० टक्के पदार्थ अडवतं, तो रेणुभार. तोही कंपनीने निवडलेल्या सॉल्व्हंटमध्ये, बहुधा पॉलिस्टायरिनच्या छोट्या साखळ्यांवर मोजलेला. त्यातून छिद्राचा व्यास काढणं म्हणजे बुटाच्या नंबरावरून उंची सांगणं. शिवाय पॉलिमर सॉल्व्हंटमध्ये फुगतो आणि प्रत्येक सॉल्व्हंटमध्ये वेगळा फुगतो. मिथेनॉलमधले आकडे इथिल ॲसिटेटला लावू नका.

पण तुमचा फ्लक्स पडण्याचं मोठं कारण दुसरंच आहे: परासरण दाब, म्हणजे सॉल्व्हंटला घट्ट द्रावणाकडे परत ओढणारा आणि लावलेल्या दाबातून वजा होणारा दाब. पाण्याच्या आरओमध्ये मीठ म्हटलं की तो सगळ्यांना आठवतो, सॉल्व्हंटमध्ये मात्र विसरला जातो. २५ अंशांना, आदर्श द्रावण धरून, लिटरला २० ग्रॅमला साधारण १ बार येतो आणि २०० ग्रॅमला जवळपास १० बार. मेम्ब्रेनच्या पृष्ठभागावर पदार्थ साचतो, म्हणून तिथे तो याहूनही जास्त असतो. साचण्याचं माप म्हणजे e चा घात, आणि तो घात फ्लक्स भागिले वस्तुमान-स्थानांतर गुणांक (साचलेला पदार्थ मूळ द्रावणात परत जाण्याचा वेग) एवढा.

आकडे घालून बघा. दाब ३० बार, सुरुवातीचा फ्लक्स ताशी प्रति चौरस मीटर ६० लिटर, गुणांक सेकंदाला ३० मायक्रोमीटर. साचण्याचं माप १.७४ येतं, पृष्ठभागावर परासरण दाब १.७ बार, फरक फारसा जाणवत नाही. शेवटी द्रावणाची चिकटता (व्हिस्कॉसिटी) दीडपट झाली आणि गुणांक २०वर आला असं धरा. फ्लक्स समीकरणाच्या दोन्ही बाजूंना असल्याने पुन्हापुन्हा सोडवावं लागतं. उत्तर २३ लिटरच्या आसपास येतं आणि पृष्ठभागावर साडेतेरा बार. रिजेक्शन इथे पूर्ण धरलंय. ६०चे २३, तेही फाऊलिंग (मेम्ब्रेन घाण होऊन तुंबणं) न धरता! (सोडवताना साधी पुनरावृत्ती करू नका, ती हेलकावे खाते. मूळ दोन सीमांमध्ये धरून शोधा.)

म्हणून मी तरी सोल्यूशन-डिफ्यूजन (रेणू मेम्ब्रेनमध्ये विरघळून पलीकडे झिरपतात असं धरणारं मॉडेल), फिल्म थिअरी (पृष्ठभागावर साचण्याचा वरचा हिशोब) आणि परासरण दाब एवढंच घेईन. विमन्स आणि बेकर यांनी १९९५ मध्ये सोल्यूशन-डिफ्यूजनची मांडणी नीट लिहिली आहे, तिथून सुरुवात करा. मात्र याकडून भाकिताची अपेक्षा नको. स्वतःच्या मेम्ब्रेनवर, स्वतःच्या द्रावणात मोजून गुणांक बसवायचे.

मोजणी अशी. नव्या मेम्ब्रेनमध्ये सुकू नये म्हणून तेलासारखं काही भरलेलं असतं, ते सॉल्व्हंटने धुऊन काढा, नाहीतर पहिल्या नमुन्यात तेच मोजलं जाईल. मग सगळ्यात वरच्या दाबावर शुद्ध सॉल्व्हंट फ्लक्स स्थिर होईपर्यंत चालवा. याला काही तास लागतात, घाई नको. त्यानंतर १०, २०, ३०, ४० बारवर शुद्ध सॉल्व्हंटचा फ्लक्स घ्या. इथिल ॲसिटेटचा मोलर आकारमान ९८ घनसेंमी धरला तर मॉडेलप्रमाणे ४० बारला रेषा सरळ राहण्यापेक्षा साडेसात टक्के खाली वाकायला हवी. याहून जास्त वाकली तर मेम्ब्रेन दबतंय, आणि ते मॉडेलच्या गळ्यात मारायचं नाही.

नंतर खऱ्या द्रावणात तीन सांद्रता, तीन दाब आणि किमान दोन क्रॉसफ्लो वेग (मेम्ब्रेनला समांतर वाहणाऱ्या द्रावणाचे). वेग बदलल्याशिवाय साचणं आणि मेम्ब्रेनचा स्वतःचा गुण वेगळे करता येत नाहीत. दिसणारं रिजेक्शन ९५ टक्के असेल आणि साचण्याचं माप १.७४, तर खरं ९७ आहे. तापमान पक्कं धरा: पंपामुळे फिरतं द्रावण तापतं, फ्लक्स वाढतो आणि आपण ते श्रेय भलत्यालाच देतो. प्रत्येक वेळी वस्तुमानाचा हिशोब ५ टक्क्यांत जुळवा. न जुळल्यास पदार्थ मेम्ब्रेनवर किंवा सीलमध्ये चिकटलाय.

रिजेक्शन स्थिर धरू नका. दाबाचा फायदा परासरणाने खाल्ला की सॉल्व्हंट कमी जातं, पण पदार्थ जातच राहतो. म्हणून शेवटच्या टप्प्यात रिजेक्शन घसरतं. नुकसान किती ते बघा: ९५ टक्के स्थिर धरलं तरी दहापट घट्ट करताना ११ टक्के माल पर्मिएटमध्ये (मेम्ब्रेनपार गेलेल्या द्रवात) जातो, ९९ टक्क्यांना फक्त २.३. पाच आकारमानांचं डायाफिल्ट्रेशन (ताजं सॉल्व्हंट घालत गाळत राहणं) केलं तर ९५ टक्क्यांवर आणखी २२ टक्के जातील. मालाची किंमत माहीत असेल तर दुसरा टप्पा जोडायचा की मेम्ब्रेन बदलायचं, हे या आकड्यावरच ठरतं.

लिटरला २०० ग्रॅमला आदर्श द्रावणाचं सूत्र मात्र ताणलं जातं. युनिफॅकसारख्या पद्धतीने (रेणूतल्या गटांवरून अंदाज करणाऱ्या) क्रियाशीलता, म्हणजे आदर्श वागणुकीपासूनचा फरक, हिशोबात घाला. आधी साधं सूत्र लावून बघा, फरक मोजणीच्या चुकीत मावत असेल तर कष्ट वाचवा.